हुकूमशहाचा मृत्यू आणि पर्यायी इतिहासाची कादंबरी

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, या आपल्याकडील म्हणीने इतिहासक्षेत्रातील एका जुन्या वादाचा निकाल केव्हाच लावून टाकलेला आहे. जे घडले नाही त्याची चर्चा व्यर्थ होय, एवढाच तिचा आशय. ई. एच. कार यांनी १९६१ साली केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानांत अधिक सभ्य शब्दांत हेच सांगितले. जर-तरची चर्चा त्यांच्या मते दिवाणखान्यात बसून खेळावयाचा खेळ होता. तथापि हा खेळ पुरातन आहे. अलेक्झांडर इटलीवर चालून आला असता तर काय झाले असते याची चर्चा लिव्हीने आपल्या रोमच्या इतिहासाच्या नवव्या भागात केली आहे. १९०६ साली माक्स वेबरने मॅरेथॉनच्या लढाईचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, एखाद्या घटनेस ‘कारण’ म्हणणे म्हणजेच ती घटना घडली नसती तर पुढील वळण वेगळे असते असे मनाशी मानणे होय. ज्या इतिहासकाराने ‘कारण’ हा शब्द उच्चारला त्याने जर-तरला मागच्या दाराने घरात घेतलेच, असा याचा अर्थ होतो.

परंतु इतिहासशास्त्रातील हा वाद प्रस्तुत लेखाचा विषय नाही. त्या वादाच्या आश्रयाने वाढलेला जो कथाप्रकार आज ‘पर्यायी इतिहास’ या नावाने ओळखला जातो, त्याची एक अडचण येथे तपासावयाची आहे. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने इतिवृत्तात फेरफार करण्याची मोकळीक कवीला दिली, ती रसाच्या अनुरोधाने. घडलेले जसेच्या तसे सांगण्याचे काम इतिहास करीतच असतो. कवीने त्यासाठी लेखणी उचलण्याचे प्रयोजन नाही, अशी त्याची भूमिका होती. पर्यायी इतिहासाचा लेखक हीच मोकळीक घेतो, पण एका वेगळ्या करारावर. तो वाचकाला म्हणतो, माझी एक गोष्ट खरी मानून चाला. मी त्या मोबदल्यात बाकीचे काहीही मनाने जोडणार नाही, त्या एका गोष्टीतून जे निघेल तेवढेच सांगेन. म्हणून त्याचे बंधन ऐतिहासिक कादंबरीकाराच्या बंधनाहून कडक असते. कल्पनेचा हा प्रकार वरकरणी जितका स्वैर दिसतो तितका तो आतून हिशेबी आहे.

मराठी वाचकांस या प्रकाराचा उत्तम परिचय जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतून झालेला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी या कथेत त्यांना चाटून जाते, आणि तेवढ्याने हिंदुस्थानाचा पुढील इतिहास पालटतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नारळीकरांनी एका माणसाला जिवंत ठेवले. म्हणजे इतिहासात एकाची भर घातली. ग्रँट डफने माधवराव पेशव्यांचा अकाली मृत्यू पानिपताइतकाच घातक ठरविला, तेव्हापासून आपल्या इतिहासबुद्धीला एका मृत्यूवर सर्व भार टाकण्याची सवय लागलेली आहे, आणि ही कथा त्या सवयीस फार सुखावते. भर घालण्याचे गणित सोपे असते. जो जगला त्याने काय काय केले असते याची यादी लेखकाला आपल्या इच्छेप्रमाणे लांबविता येते. वजाबाकी अवघड असते. कारण एक मनुष्य काढून घेतल्यावर जे उरते ते लेखकाचे नसते, ते इतिहासाचे असते आणि ते सर्वांना ठाऊक असते.

या वजाबाकीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे युद्धाच्या प्रारंभीच हिटलर मारला गेला असता तर, हे होय. त्याला प्रत्यक्षात आधार देणारी घटना अत्यंत अल्प अंतराने हुकली. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी, १९२३ सालच्या फसलेल्या उठावाच्या स्मरणार्थ दरवर्षी होणारे भाषण देण्यासाठी हिटलर म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या सभागृहात आला. धुक्यामुळे विमानाने परतणे शक्य नव्हते. आगगाडी गाठावयाची म्हणून भाषण नेहमीपेक्षा लवकर सुरू झाले आणि लवकर संपले. रात्री ९ वाजून ७ मिनिटांनी ते संपले. ९ वाजून २० मिनिटांनी व्यासपीठामागील खांबात बसविलेला बॉम्ब उडाला आणि छत कोसळले. ८ माणसे मेली, ६०हून अधिक जखमी झाली. मृतांत त्या सभागृहात वाढपाचे काम करणारी एक स्त्रीही होती. हिटलर १३ मिनिटांनी वाचला.

हा बॉम्ब गेओर्ग एल्झर नावाच्या एका सुताराने एकट्याने तयार केला होता. १९०३ साली जन्मलेला हा कारागीर पूर्वी घड्याळांच्या कारखान्यात काम केलेला. स्फोटके त्याने एका दगडाच्या खाणीतून मिळविली. ऑगस्ट १९३९ मध्ये तो म्युनिकला येऊन राहिला, आणि ३०हून अधिक रात्री सभागृहात लपून राहून त्याने गुडघ्यांवर बसून तो खांब पोखरला. दोन घड्याळांची यंत्रे जोडून वेळ आधी लावता येईल अशी योजना त्याने केली होती. स्फोटापूर्वी सुमारे ३५ मिनिटे, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर कोन्स्टान्झ येथे, तो पकडला गेला. पुढे झाक्सनहाउझेन व डाखाउ येथील छळछावण्यांत त्याला ठेवण्यात आले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपण्यास महिनाही उरला नसताना, गोळी घालून ठार करण्यात आले.

आता ही १३ मिनिटे पुसून टाकली तर पुढे काय, हा प्रश्न कथाकाराच्या हाती येतो. त्याने त्याचे काय केले आहे?

जेफ्री हाउसहोल्डच्या ‘रोग मेल’ या १९३९ सालच्या कादंबरीला हा प्रश्न पडलाच नाही, आणि ते स्वाभाविक होते. तिच्यातील शिकारी एका अनामिक हुकूमशहावर बंदुकीचा नेम धरतो आणि पकडला जातो; पुढील सारी कथा त्याच्या पलायनाची आहे. गोळी सुटली असती तर काय झाले असते, हे लेखकाने वाचकावर सोडले. त्या वर्षी तो प्रश्न अजून भविष्यकाळातला होता.

स्टीफन फ्रायच्या ‘मेकिंग हिस्टरी’ (१९९६) या कादंबरीने मात्र तो सरळ अंगावर घेतला. केंब्रिजमधील एक तरुण संशोधक आणि एक वयस्क पदार्थवैज्ञानिक मिळून भूतकाळात ढवळाढवळ करतात आणि हिटलरचा जन्मच होऊ देत नाहीत. परिणामी जग सुखी व्हावे, ही अपेक्षा. होते असे की, हिटलरच्या रिकाम्या जागी रुडॉल्फ ग्लोडर नावाचा दुसरा नेता उभा राहतो. तो देखणा, संयमी आणि धूर्त असतो. हिटलरने केलेल्या चुका तो करीत नाही. अणुबॉम्ब त्याला आधी मिळतो आणि युरोप त्याच्या टाचेखाली जातो. कादंबरी विनोदी ढंगाची असली तरी तिचा उपदेश गंभीर आहे. दोष एका माणसाचा नव्हता, जर्मनीतील परिस्थितीच तशी होती, असे ती सांगू पाहते.

परंतु ती असे सांगते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते फ्रायने स्वतःच्याच सिद्धान्ताला छेद दिलेला आहे. परिस्थितीच जबाबदार होती, हे दाखवावयाचे तर हिटलरच्या जागी सामान्य माणसे, समित्या, खाती, सेनापती यांच्याकडून तेच कृत्य घडलेले दाखवावयास हवे होते. फ्रायला मात्र हिटलरहून अधिक समर्थ असा एक पुरुष निर्माण करावा लागला. म्हणजे व्यक्तिमाहात्म्य नाकारण्यासाठी त्याने अधिक मोठी व्यक्ती आणली. १९८४ साली मिल्टन हिमेलफार्बने हिटलर नसता तर ज्यूंचा संहार झाला नसता, अशी नेमकी उलट बाजू आपल्या एका प्रसिद्ध निबंधात मांडली होती. दोघांची उत्तरे परस्परविरुद्ध असली तरी दोघांची नजर एकाच खुर्चीवर खिळलेली आहे. खुर्चीभोवतीची खोली त्यांपैकी कोणी पाहिलेली नाही.

ती खोली फिलिप के. डिकने पाहिली. त्याच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ (१९६२) या कादंबरीतील फरक एका यशस्वी हत्येतूनच निघतो, पण ती हत्या रूझवेल्टची. १५ फेब्रुवारी १९३३ रोजी मायामी येथे झांगारा नावाच्या इसमाने रूझवेल्टवर खरोखरच गोळ्या झाडल्या होत्या; प्रत्यक्षात त्या शिकागोच्या महापौरांना लागल्या आणि ते त्या जखमेने वारले. डिकच्या जगात रूझवेल्ट मरतो, अमेरिका दुबळी राहते आणि युद्ध हरते. या कादंबरीतील एका प्रसंगाकडे टीकाकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. जर्मनीचा चान्सेलर बोरमन मरण पावला आहे, आणि सॅन फ्रान्सिस्को येथील जपानी अधिकाऱ्यांसमोर संभाव्य वारसांची माहिती वाचून दाखविली जात आहे. गोअरिंग, गोबेल्स, हायड्रिख अशी एकेक नावे येतात. प्रत्येकाचा स्वभाव, प्रत्येकाचे पाठीराखे, प्रत्येकाची कृत्ये. सरकारी अहवालाची कोरडी भाषा आहे. ती ऐकता ऐकता टागोमी हा सभ्य, भिडस्त अधिकारी शारीरिक रीतीने अस्वस्थ होतो. या यादीतील निवड कोणतीही झाली तरी तिच्यात सुटका नाही, हे त्याला जाणवते. वारसाचा प्रश्न हा अशा कथांचा खरा कस लावणारा प्रश्न आहे, आणि डिकने तो चार-दोन पानांत जितका पुरा केला तितका फ्रायला सबंध कादंबरीत करता आला नाही.

इतिहासानेही एकदा या प्रश्नाचा प्रयोग करून पाहिलेला आहे. २७ मे १९४२ रोजी प्राग येथे, ब्रिटनमध्ये शिक्षण घेतलेल्या चेक आणि स्लोव्हाक सैनिकांनी हायड्रिखवर हल्ला केला. ४ जून रोजी तो मेला. १० जून रोजी सूड म्हणून लिडित्से हे गाव नष्ट करण्यात आले आणि तेथील पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या. राइशच्या मुख्य सुरक्षा कार्यालयाच्या प्रमुखाची हायड्रिखची जागा त्यानंतर कित्येक महिने कोणाला दिली गेली नाही. हिमलरनेच ते काम आपल्याकडे ठेवले, आणि काल्टेनब्रुनर त्या जागी आला तो जानेवारी १९४३ मध्ये. या अवधीत काय झाले? जुलै १९४२ मध्ये वॉर्सॉच्या वस्तीतून ट्रेब्लिंकाकडे गाड्या सुटू लागल्या. पोलंडमधील ज्यूंच्या संहाराच्या मोहिमेला तर मृत हायड्रिखचेच नाव देण्यात आले. खुर्ची रिकामी होती आणि काम पूर्वीपेक्षा वेगाने चालले होते. अर्थात हायड्रिख म्हणजे हिटलर नव्हे. अधिकाराचा मूळ स्रोत शाबूत होता, म्हणून या प्रयोगातून सरसकट अनुमान काढणे योग्य होणार नाही. परंतु माणूस नाहीसा झाला की कृत्यही नाहीसे होते, या समजुतीला तो पुरेसा धक्का देतो. रॉबर्ट हॅरिसच्या ‘फादरलँड’ (१९९२) या कादंबरीत हायड्रिख वाचलेला आहे, आणि त्या वाचण्याने कथेतील संहाराच्या स्वरूपात काही फरक पडलेला नाही. हॅरिसचा हा संयम दाद देण्यासारखा आहे.

आता ८ नोव्हेंबर १९३९ या दिवसाकडे वळू. त्या रात्री बॉम्ब वेळेवर लागला असता, तर कराराप्रमाणे कथाकाराच्या हाती काय उरले असते? १ सप्टेंबर रोजी राइशटागपुढील भाषणात हिटलरने आपला वारस म्हणून गोअरिंगचे व त्याच्यानंतर हेसचे नाव घोषित केले होते. त्या रात्री गोबेल्स, हेस, हिमलर यांच्यासारखी पुष्कळ मंडळी सभागृहात होती. गोअरिंग नव्हता. म्हणजे एका स्फोटात दुसरा वारस आणि पक्षाचा मोठा भाग नाहीसा होऊन पहिला वारस सुखरूप राहिला असता. कादंबरीकाराला याहून सोयीची मांडणी हाताने करता आली नसती.

गोअरिंगबद्दल असे सांगण्यात येते की, त्याला युद्ध नको होते. ऑगस्ट १९३९ मध्ये डालेरुस या स्वीडिश मध्यस्थामार्फत त्याने ब्रिटनशी संधान बांधण्याची खटपट केली, हे खरेच आहे. चेंबरलेननेही त्या काळातील एका खासगी पत्रात हिटलर व त्याची मंडळी गेली पाहिजेत असे लिहिताना गोअरिंगला संक्रमणकाळात एखादे शोभेचे पद देण्याची शक्यता मोकळी ठेवली होती. सैन्याची अवस्थाही अनुकूल होती. पश्चिमेकडील आक्रमणासाठी १२ नोव्हेंबर ही तारीख नेमली गेली होती आणि वरिष्ठ सेनापतींना ते आक्रमण आत्मघातकी वाटत होते. ५ नोव्हेंबर रोजी सरसेनापती ब्राउखिच हिटलरला समजावण्यास गेला आणि संतापाचा भडिमार सोसून परत आला; कट फुटला असावा या भयाने सेनाप्रमुख हाल्डरने कागदपत्रे जाळावयास लावली. आपण हिटलरला भेटावयास जाताना आठवडेच्या आठवडे खिशात पिस्तूल नेत होतो, असे हाल्डरने सांगितल्याची नोंद अब्वेहरमधील ग्रोसकुर्ट या अधिकाऱ्याच्या रोजनिशीत आहे. ते पिस्तूल खिशातच राहिले. त्याच आठवड्यात एक सुतार खांबातील घड्याळ तपासीत होता. हा योगायोग कादंबरीकाराने वापरला असता तर टीकाकारांनी त्याला कृत्रिम म्हटले असते.

तेव्हा तह झाला असता, असे क्षणभर धरून चालू. मानस्टाइनने आर्देनच्या डोंगराळ प्रदेशातून मुसंडी मारण्याची आपली योजना हिटलरपुढे १७ फेब्रुवारी १९४० रोजी मांडली. हिटलर नसता तर ती हाल्डरच्या कपाटातच राहिली असती, हे संभवनीय आहे. फ्रान्स पडला नसता, रशियावर २२ जून १९४१ रोजी स्वारी झाली नसती. येथपर्यंत कथाकार उत्साहाने येतो. पण तह कशाच्या आधारावर? पोलंड जिंकला गेला होता, २३ ऑगस्टच्या कराराने तो दोघांत वाटला गेला होता, आणि २६ ऑक्टोबरपासून त्याच्या मध्यभागावर हान्स फ्रांकचा अंमल सुरू झाला होता. हायड्रिखच्या तुकड्यांनी सप्टेंबरपासूनच पोलिश शिक्षक, धर्मोपदेशक, जमीनदार यांना वेचून मारण्यास आरंभ केला होता. असाध्य रुग्णांना ठार करण्याची परवानगी देणारे पत्र हिटलरने ऑक्टोबरमध्ये लिहून त्यावर १ सप्टेंबर ही तारीख घातली होती. आणि गोअरिंग? नोव्हेंबर १९३८ मधील अत्याचारांनंतर ज्यूंवरच १०० कोटी मार्कांचा दंड बसविणाऱ्या बैठकीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. संपूर्ण निकालाची तयारी करण्याचा हायड्रिखला दिलेला ३१ जुलै १९४१चा आदेश त्याच्याच सहीचा आहे. अशा मनुष्याच्या हातचा तह म्हणजे पोलंडच्या छाताडावर बसून केलेला तह.

या संदर्भात विद्यापीठीय वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. एल्झरच्या स्फोटापूर्वी दोनच दिवस, ६ नोव्हेंबर १९३९ रोजी, क्राको येथील याग्येलोनियन विद्यापीठातील अध्यापकांना एका व्याख्यानास बोलाविण्यात आले. जर्मनीची उच्च शिक्षणविषयक भूमिका समजावून सांगण्यात येईल, असा बहाणा होता. ते जमल्यावर १८०हून अधिक जणांना अटक करून पुढे झाक्सनहाउझेन येथे पाठविण्यात आले. जगभरातून निषेध झाल्यावर फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांतील बऱ्याच जणांना सोडण्यात आले. तोपर्यंत काही छावणीतच मरण पावले होते. ८ नोव्हेंबरला हिटलर मेला असता तर हे अध्यापक त्या रात्री कोठडीतच असते. तहाच्या मेजावर बसलेल्यांनी त्यांची आठवण काढली असती का, हा प्रश्न ज्या कादंबरीत उद्भवत नाही ती कादंबरी आपला करार पाळीत नाही, असे म्हणावे लागेल. हिंसाचाराच्या तक्रारी वरिष्ठांकडे पाठविणारा ब्लास्कोविट्झसारखा सेनापती याच नोव्हेंबरात पोलंडमध्ये होता, हेही तिने विसरता कामा नये. त्याच्या बाजूला किती लोक उभे राहिले असते, हा त्या कादंबरीचा खरा कथाविषय झाला असता.

आणखी एक अडचण आहे, आणि ती या कथाप्रकाराच्या मुळाशी जाते. योआखिम फेस्टने १९७३ सालच्या आपल्या हिटलरचरित्रात असे म्हटले की, १९३८च्या अखेरीस हिटलरची हत्या झाली असती तर जर्मनीतील बहुसंख्य लोकांनी त्याला थोर राजकारणी म्हणून गौरविले असते. एका वर्षाने पोलंडच्या विजयाची भर पडली होती. १९१८ साली रणांगणावर न हरलेल्या सैन्याच्या पाठीत घरच्यांनी सुरा खुपसला, ही दंतकथा ज्या देशात घरोघर सांगितली जात होती, त्या देशात आणखी एका नोव्हेंबरात आणखी एक घात झाला असता. हिटलर हुतात्मा झाला असता. ज्याने कोट्यवधी लोकांचे प्राण वाचविले तो एल्झर त्या जगात केवळ एक खुनी ठरला असता. कारण जे घडले नाही त्याची खबर त्या जगात कोणालाही नसती. आउशविट्झ हे नाव तेथे फार तर रेल्वेच्या वेळापत्रकात सापडले असते.

वजाबाकीच्या या कथेतील सर्व अर्थ पात्रांच्या ज्ञानाबाहेर, वाचकाच्या स्मृतीत असतो. म्हणूनच तो कथेत आणण्यासाठी प्रत्येक लेखकाला एखादी साक्षीची वस्तू चोरून आत न्यावी लागते. नारळीकरांचे गंगाधरपंत बखरीचे फाटके पान घेऊन परततात. फ्रायच्या नायकाला जुन्या जगाची आठवण राहते. हॅरिसच्या कादंबरीत दडपलेली कागदपत्रे सापडतात, आणि त्यांतील पुष्कळशी खऱ्या दप्तरांतून घेतलेली आहेत. डिकच्या पराभूत अमेरिकेत लोक चोरून एक कादंबरी वाचतात; तिच्यात रूझवेल्ट वाचलेला असतो आणि मित्रराष्ट्रे जिंकलेली असतात. ही युक्ती या प्रकाराचा अलंकार नसून आधार आहे. मात्र तिची जात सर्वत्र सारखी नाही. फ्रायची आठवण फुकट मिळालेली आहे. पात्राने तिच्यासाठी काही दिलेले नाही. हॅरिसची कागदपत्रे मिळविताना माणसे मरतात. यशस्वी एल्झरच्या जगात तर अशी कोणतीच वस्तू असू शकत नाही. तेथे न झालेल्या संहाराची कागदपत्रे कोठून येणार? त्याची कथा लिहिणे अवघड आहे ते या कारणाने.

नवल असे की, खऱ्या जगात साक्ष उपलब्ध असूनही एल्झरचे भाग्य फारसे वेगळे झाले नाही. तो नाझींचाच हस्तक असावा, असा समज युद्धानंतरही टिकला. त्याच छावणीत असलेल्या मार्टिन निम्योलरसारख्या प्रतिष्ठित धर्मगुरूने तो पसरविला. उमराव घराण्यातील सेनाधिकाऱ्यांचा २० जुलै १९४४चा कट गौरविला जात होता, आणि एकट्या सुताराने हे केले असेल यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. (सुताराला घड्याळाचे यंत्र कळते, पण राजकारण कळत नाही, अशी ही समजूत, ती केवळ जर्मनीतच आढळते असे नाही.) आंटोन होख यांच्या १९६९ सालच्या संशोधनाने आणि त्याच्या चौकशीचा जबाब १९७० साली प्रसिद्ध झाल्याने संशय मिटला. पुढे जे. पी. स्टर्नसारख्या वाङ्मयाच्या अभ्यासकाने हिटलरवरील आपल्या पुस्तकात त्याला मानाचे स्थान दिले. क्लाउस मारिया ब्रांडाउअरने १९८९ साली आणि ओलिव्हर हिर्शबिगेलने २०१५ साली त्याच्यावर चित्रपट काढले.

तरीही ८ नोव्हेंबर १९९९ रोजी लोथार फ्रिट्झे या राज्यशास्त्रज्ञाने ‘फ्रांकफुर्टर रुंडशाउ’ या वृत्तपत्रात एल्झरवर नैतिक आक्षेप घेतला. निरपराध माणसे मरतील हे दिसत असताना घड्याळ लावून निघून जाणे आणि तेथे थांबून परिस्थितीवर नजर न ठेवणे हे क्षम्य नव्हे, तसेच एका सामान्य नागरिकाला युद्धाचे भवितव्य इतके निश्चितपणे कळणे शक्य होते काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर मोठे वादळ उठले. आक्षेपाच्या पहिल्या भागाला उत्तर देणे सोपे नाही. वाढपाचे काम करणारी ती स्त्री मेली हे खरेच आहे, आणि एल्झरच्या चाहत्यांनी तिला आकड्यात लपवू नये. दुसरा भाग मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. तो कळत-नकळत एल्झरला त्या पर्यायी जगात नेऊन उभा करतो, जेथे पुढील संहाराची खबर कोणालाच नाही, आणि मग त्याच्याकडे पुरावा मागतो.

एल्झरचा जबाब या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये बर्लिन येथे गेस्टापोच्या अधिकाऱ्यांनी तो लिहून घेतला. भाषेवर त्यांची छाया आहे, हे गृहीत धरूनच तो वाचला पाहिजे. म्युनिक करारानंतर, १९३८च्या शरदात, आणखी युद्ध होणारच अशी आपली खात्री झाली असे तो सांगतो. केवळ एक माणूस नव्हे, तर हिटलर, गोअरिंग आणि गोबेल्स हे तिघे दूर झाले पाहिजेत, असे त्याचे मत होते. म्हणजे वारसाचा प्रश्न त्याने स्वतःपुरता सोडविलेला होता. गोअरिंग त्या रात्री सभागृहात येणार नाही हे मात्र त्याच्या हाती नव्हते. त्यांच्यानंतर कोण येईल याविषयी त्याची अपेक्षा माफक होती. परदेशांपुढे असह्य मागण्या न ठेवणारी आणि कामगारांची स्थिती सुधारणारी माणसे यावीत, एवढीच. सुवर्णयुगाचे चित्र त्यात नाही. आपल्या कृत्याने ‘आणखी मोठा’ रक्तपात टाळावयाचा होता, असे तो म्हणतो. तो हे म्हणाला तेव्हा वॉर्सॉ पडून जेमतेम दोन महिने होत आले होते, आणि क्राकोचे अध्यापक कैदेत होते. हा तुलनेचा शब्द त्याने त्या चौकशीच्या खोलीत, त्या अधिकाऱ्यांसमोर वापरला, आणि त्यांनी तो टंकून घेतला.